अल्बर्ट किंगचा 'बॉर्न अंडर अ बॅड साइन' : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा अल्बम नेमका कोणता? आधी ओळख करून द्या.

अल्बर्ट किंग या ब्लूज गायक-गिटारवादकाचा हा अल्बम मेम्फिसच्या स्टॅक्स रेकॉर्ड्सने १९६७ साली काढला. गाणी अकरा, आणि दोन्ही बाजू मिळून वेळ पस्तीस मिनिटांच्या आसपास. गळा आणि मुख्य गिटार अल्बर्टची. मागे बसलेली मंडळी मात्र ब्लूजवाली नव्हती. ओटिस रेडिंग, सॅम अँड डेव्ह यांच्या सोल गाण्यांना रोज साथ करणारी स्टॅक्सची घरची टीम होती ती. ऑर्गन-पियानोवर बुकर टी. जोन्स, दुसऱ्या गिटारवर स्टीव्ह क्रॉपर, बेसवर डोनाल्ड 'डक' डन, ड्रमवर अल जॅक्सन ज्युनियर. शिवाय पियानोवर आयझॅक हेज, आणि ट्रम्पेट-सॅक्सोफोनवर पुढे मेम्फिस हॉर्न्स म्हणून गाजलेले वेन जॅक्सन आणि अँड्र्यू लव्ह. निर्माता होता कंपनीचा मालक जिम स्ट्युअर्ट.

ब्लूज आणि सोल यांत फरक काय? दोन्ही ऐकताना सारखंच वाटतं.

मूळ एकच असल्यामुळे तसं वाटतं. ब्लूज हे अमेरिकेच्या दक्षिणेतल्या काळ्या शेतमजुरांचं गाणं. त्याचा रूढ साचा बारा बारांचा, म्हणजे तालाच्या बारा आवर्तनांचा. एक ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची, तिसऱ्या ओळीत तिचा निकाल लावायचा. गायक थांबला की गिटार उत्तर देते. गाणारा बहुधा एकटा आणि रडगाणं स्वतःचं, पण सांगताना मिश्कीलपणा सुटत नाही.

सोल त्यानंतरचं. चर्चमधलं गॉस्पेल आणि नाचायचं रिदम अँड ब्लूज यांच्या मिलाफातून ते १९५०च्या दशकाच्या अखेरीस आकाराला आलं. त्यात गाण्याची बांधणी पक्की असते, ध्रुवपद असतं, हॉर्नचे, म्हणजे ट्रम्पेट-सॅक्सोफोनचे, तुकडे ठरलेले असतात आणि ताल पायांसाठी असतो.

१९६६ साली अमेरिकेतली काळी तरुण मुलं सोल ऐकत होती. ब्लूज त्यांना आईबापांच्या काळातलं, कापसाच्या शेतांची आठवण करून देणारं वाटायचं. त्यामुळे चाळिशी ओलांडलेल्या ब्लूजवाल्याने सोलच्या कारखान्यात जाऊन रेकॉर्ड करणं हा धंद्याच्या दृष्टीनेही शहाणपणाचा निर्णय होता.

मग हे मिश्रण नक्की कुठे ऐकू येतं?

बहुतेक लोक हॉर्नकडे बोट दाखवतात. मला ते पटत नाही. सेंट लुइसला असताना बॉबिन या छोट्या कंपनीसाठी केलेल्या रेकॉर्डवरही अल्बर्टच्या मागे हॉर्न आणि पियानो होतेच. १९६१ साली त्याचं 'डोंट थ्रो युअर लव्ह ऑन मी सो स्ट्राँग' रिदम अँड ब्लूजच्या यादीत चौदाव्या क्रमांकापर्यंत गेलं होतं. ते गाणं आणि हा अल्बम लागोपाठ ऐका. गिटार तीच, गळा तोच. बदललंय ते खालचं, म्हणजे ड्रम आणि बेस.

जुन्या ब्लूजमध्ये ताल झुलत जातो. त्याला शफल म्हणतात. अल जॅक्सनने इथे बऱ्याच गाण्यांत तो झोका काढून टाकला आणि सरळ, कोरडा, मोजका ठेका धरला. दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवरचा स्नेअरचा (ड्रमसेटमधल्या कडक आवाजाच्या ड्रमचा) ठोका केसभर उशिरा पडतो. ही स्टॅक्सची खूण. १९६५ साली सोल गायक विल्सन पिकेटच्या 'इन द मिडनाइट अवर'च्या वेळी अटलांटिक कंपनीचा जेरी वेक्सलर स्टुडिओत उतरून नव्या नाचाची पावलं करून दाखवू लागला आणि तिथून हा उशिराचा ठोका पक्का झाला, असं ती मंडळी सांगत आली.

डक डनचा बेसही नुसती चाल धरत नाही, एक छोटा तुकडा घेऊन तोच घोटतो. शीर्षकगीतात तर बेस, गिटार आणि हॉर्न मिळून एकच तुकडा पुन्हा पुन्हा वाजवतात. तिथे बारा बारांचा साचाही पाळलेला नाही. गाणं बराच वेळ षड्जावर ठाण मांडून बसतं, आणि कडव्याच्या शेवटी थोडी हालचाल करून घरी परत येतं. गायकी ब्लूजची, इमारत सोलची.

'क्रॉसकट सॉ' घ्या. टॉमी मॅक्लेनन या मिसिसिपीच्या गायकाने १९४१ साली रेकॉर्ड केलेलं हे जुनं ब्लूज गाणं. इथे जॅक्सनने त्याला लॅटिन वळणाचा, रुंब्याच्या अंगाने जाणारा ताल लावला आहे. पहिल्यांदा ऐकताना हे झाडं कापायच्या करवतीवरचं (आणि अर्थातच करवतीच्या नावाखाली भलतंच काही सांगणारं) ग्रामीण गाणं आहे, हे लक्षातही येत नाही. पाय आधी हलतो.

म्हणजे अल्बर्टने सोलसाठी आपली शैली बदलली?

नाही, आणि अल्बम टिकला तो त्यामुळेच. तो ओटिस रेडिंगसारखा ओरडून गायला गेला नाही, घाम गाळायला गेला नाही. त्याचा आवाज जाडसर, पण मखमली आणि शांत. सहा फूट चार इंच उंची, अडीचशे पौंडांच्या आसपास वजन, आणि तरुणपणी आर्कान्सामध्ये बुलडोझर चालवलेला. म्हणून लोक त्याला 'व्हेल्व्हेट बुलडोझर' म्हणत. माणूस जागेवर उभा राहिला आणि भोवतालची मंडळी आपापल्या जागा धरून सरकली, असं हे रेकॉर्डिंग आहे.

एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. १९५०च्या दशकात इंडियानातल्या गॅरी शहरात असताना अल्बर्टने ब्लूज गायक जिमी रीडसाठी ड्रम वाजवले होते. ठेका काय असतो आणि तो मोकळा कसा सोडायचा, हे त्याला आतून ठाऊक होतं. ओळ संपते, जॅक्सनचा ठोका पडतो, आणि मगच गिटार येते. घाई नाही. बोलणाऱ्याला मध्येच तोडायची सवय असलेले गिटारवाले इथे बरंच शिकू शकतील.

तो गिटार उलटी धरायचा म्हणतात. म्हणजे नक्की कशी?

अल्बर्ट डावखुरा होता. डावखुरे वादक सहसा तारांचा क्रम बदलून घेतात. याने तसं केलं नाही. उजव्या हाताची गिटार घेतली आणि सरळ उलटी केली. त्यामुळे जाड तारा जमिनीकडे आणि बारीक तारा छताकडे.

आता परिणाम बघा. इतर वादक बारीक तार वर ढकलतात, अल्बर्ट तीच तार तळहाताकडे खाली खेचायचा. खेचण्यात ढकलण्यापेक्षा जोर जास्त मिळतो. त्यात तो तारा नेहमीपेक्षा खाली उतरवून लावायचा, म्हणजे त्या ढिल्या. हात दांडगे. मग स्वर एकदा ओढला की दीड-दोन स्वर वर जाऊनही थांबायचा नाही. सतारीवर मींड ऐकलेल्या कानाला ही भाषा लगेच कळते. एका पडद्यावर बोट ठेवून तीन-चार स्वर काढायचे आणि मधली वाटही ऐकवायची. फरक असा की अल्बर्टच्या ओढीला मऊपणा कमी. ती एकदम, दणक्यात येते आणि कित्येकदा दोन स्वरांच्या मध्ये, ना इथे ना तिथे, अशी मुद्दाम सोडलेली असते.

तो पिक, म्हणजे तार छेडायची चकती, वापरत नसे, नुसता अंगठा. म्हणून प्रत्येक स्वराला मांसल ठोसा आहे.

गिटार होती गिब्सनची फ्लाइंग व्ही. १९५८ साली बाजारात आलेलं हे बाणासारखं मॉडेल त्या वेळी कुणी फारसं घेतलं नाही आणि थोडक्याच नगांनंतर कंपनीने ते थांबवलं. तिचा आकार दोन्ही बाजूंनी सारखा. म्हणजे उलटी धरली तरी वरच्या पट्ट्यांपर्यंत हात जायला काही आड येत नाही. डावखुऱ्या माणसाला याहून सोयीची गिटार मिळणं कठीण. तिचं नाव त्याने ल्यूसी ठेवलं होतं.

ल्यूसी? बी. बी. किंगच्या गिटारचं नाव ल्यूसिल होतं ना? हे दोघे भाऊ होते का?

नव्हते. अल्बर्टचं मूळ आडनाव नेल्सन. जन्म २५ एप्रिल १९२३, गाव मिसिसिपीतलं इंडियानोला, असं तो सांगायचा. तेव्हाचा मोठा ब्लूज गिटारवादक बी. बी. किंगही त्याच परिसरातला. बी. बी.चं नाव मोठं होऊ लागल्यावर अल्बर्टने किंग हे आडनाव घेतलं, आणि आपण सावत्र भाऊ आहोत असंही सूचित करायला कमी केलं नाही. बी. बी.ने नंतर स्पष्ट केलं की रक्ताचं नातं नाही, मैत्री आहे. ब्लूजमधला तिसरा गाजलेला किंग म्हणजे फ्रेडी, तो टेक्ससचा. त्याचाही या दोघांशी आडनावापलीकडे संबंध नाही.

स्टॅक्सबद्दल थोडं सांगा. तिथेच असं का घडलं?

१९५७ साली जिम स्ट्युअर्ट या बँकेत नोकरी करणाऱ्या आणि फिडल (व्हायोलिन) वाजवणाऱ्या गोऱ्या माणसाने सॅटेलाइट नावाची छोटी कंपनी काढली. पुढे त्याची बहीण एस्टेल ॲक्स्टन हिने आपलं घर गहाण ठेवून पैसा घातला. १९६१ साली दोघांच्या आडनावांची पहिली दोन-दोन अक्षरं जोडून स्टॅक्स हे नाव आलं. स्टुडिओ होता मॅक्लेमोर अव्हेन्यूवरच्या एका बंद पडलेल्या सिनेमा थिएटरात. खुर्च्या काढल्या, पण उतरती जमीन तशीच ठेवली. त्या उतारामुळे आणि उंच छतामुळे खोलीचा एक वेगळा आवाज तयार झाला. पुढच्या भागात एस्टेलचं रेकॉर्डचं दुकान. गल्लीतली पोरं काय विकत घेतात, कशावर नाचतात, हे तिला दुकानात उभ्या उभ्या दिसायचं.

दुसरं म्हणजे माणसं. जोन्स, क्रॉपर, डन आणि जॅक्सन यांच्या बुकर टी. अँड द एम. जी.'ज या चौकडीत दोन काळे, दोन गोरे. १९६०च्या दशकातल्या मेम्फिसमध्ये हे चौघं एका हॉटेलात एका टेबलावर बसून जेवायला निघाले तर पंचाईत व्हायची, स्टुडिओत मात्र रोज एकत्र. सगळे तिथे पगारी नोकरासारखे सकाळी यायचे. गाणं कागदावर फारसं लिहिलेलं नसायचं, जागेवरच बसवलं जायचं.

आणि हा अल्बम म्हणून आखलेलाच नव्हता. मार्च १९६६ ते जून १९६७ दरम्यान अल्बर्ट अधूनमधून येऊन दोन-तीन गाणी करून जायचा. ती सिंगल, म्हणजे एकेका गाण्याची छोटी रेकॉर्ड, म्हणून निघायची. ती जमवून, थोडी नवी घालून रेकॉर्ड झाली. तरी ती एकसंध वाटते, कारण खोली तीच आणि साथीदार तेच.

शीर्षकगीत कुणी लिहिलं?

बुकर टी. जोन्स आणि विल्यम बेल यांनी. बेल स्वतः स्टॅक्सचा सोल गायक. अल्बर्टसाठी एक ब्लूज हवं होतं, आणि बेलच्या डोक्यात एक कल्पना घोळत होती. त्या काळात अमेरिकेत राशिभविष्याची टूम निघाली होती. जन्मापासूनच ग्रह फिरलेल्या माणसाची कैफियत, असा विषय त्यातून आला. म्हणजे ब्लूजच्या इतिहासातलं एक अत्यंत गाजलेलं गाणं दोन सोलवाल्यांनी लिहिलं, हे लक्षात ठेवा.

वाईट नशीब नसतं तर आपल्याला नशीबच नसतं, ही त्यातली गाजलेली थट्टा मात्र त्यांची नव्हे. लाइटनिन स्लिम या ब्लूज गायकाच्या १९५४च्या एका रेकॉर्डवर ती आधीच आहे. ब्लूजमध्ये अशा ओळी सार्वजनिक विहिरीसारख्या, ज्याला लागेल त्याने भरून न्यायच्या.

कव्हरवर काळं मांजर का आहे?

अमेरिकेतले सगळे अपशकुन एकत्र केले आहेत म्हणून. काळं मांजर, शुक्रवार तेरा तारीख दाखवणारं कॅलेंडर, दोन्हींवर एकेकच ठिपका पडलेले फासे, इस्पिकचा एक्का, कवटी. मांजर आडवं गेलं की चार पावलं मागे जाणाऱ्या आपल्या लोकांना यातलं निदान एक तरी समजावून सांगावं लागत नाही. कव्हरवर खुद्द अल्बर्टचा फोटो नाही.

'ओ प्रिटी वुमन' हे रॉय ऑर्बिसनचंच गाणं ना?

नाही. नावातलं साम्य सोडलं तर काही संबंध नाही. ऑर्बिसनचं १९६४चं गाणं वेगळं. हे लिहिलं ए. सी. विल्यम्सने. तो मेम्फिसच्या डब्ल्यूडीआयए या, संपूर्णपणे काळ्या श्रोत्यांसाठी कार्यक्रम करणाऱ्या रेडिओ केंद्रावरचा निवेदक.

सगळी गाणी सारखीच चांगली आहेत का?

नाहीत. 'कॅन्सस सिटी' ठीकठाक आहे. ते गाणं तोवर इतक्यांनी गायलं होतं की अल्बर्टलाही त्यात नवं काही सापडलेलं दिसत नाही. शेवटचं 'द व्हेरी थॉट ऑफ यू' ही रे नोबल या इंग्रज संगीतकाराची १९३४ची प्रेमगीत-बॅलड. ब्लूजचे कट्टर भक्त तिथे नाक मुरडतात. मला ते आवडतं. गिटारच्या आडोशाशिवाय त्या मखमली गळ्यात काय होतं, ते तिथेच कळतं.

कमी बोललं जातं ते 'पर्सनल मॅनेजर'बद्दल. अल्बर्ट आणि डेव्हिड पोर्टर यांचं हे संथ ब्लूज. यातला पोर्टर म्हणजे आयझॅक हेजच्या जोडीने सॅम अँड डेव्हसाठी एकाहून एक गाणी लिहिणारा. त्यातला सोलो ऐका. पाचच स्वरांची चौकट, जवळपास आपल्या धानी रागाची (सा, कोमल ग, म, प, कोमल नी). त्यात तो एकच वाक्य फिरवून फिरवून मांडतो. कधी शेवटचा स्वर गिळतो, कधी तोच इतका ताणतो की तार तुटेल असं वाटावं. नवे स्वर एकही आणत नाही आणि कंटाळाही येऊ देत नाही.

'लाँड्रोमॅट ब्लूज'ही सोडू नका. कपडे धुवायच्या दुकानात बायकोच्या फेऱ्या वाढल्यात आणि नवऱ्याला संशय आलाय. विषय १९६६च्या शहरातला, तक्रार शंभर वर्षं जुनी.

तेव्हा हा अल्बम खूप विकला गेला का?

धडाक्यात नाही. 'लाँड्रोमॅट ब्लूज' १९६६ साली रिदम अँड ब्लूजच्या यादीत २९व्या क्रमांकावर, 'क्रॉसकट सॉ' पुढच्या वर्षी ३४व्या, आणि ज्याचं नाव आज सगळ्यांना माहीत आहे ते शीर्षकगीत ४९व्या. आकडे बघून कुणी म्हणणार नाही की यातून काही घडेल.

मग नाव कशामुळे झालं?

गोऱ्या रॉकवाल्यांमुळे. इंग्लंडमधल्या पोरांनी ही रेकॉर्ड पाठ केली. क्रीम या बँडने १९६८ साली शीर्षकगीत केलं. त्याआधी क्रीमच्याच १९६७च्या 'स्ट्रेंज ब्रू'मध्ये त्यांचा गिटारवादक एरिक क्लॅप्टनने वाजवलेला सोलो 'ओ प्रिटी वुमन'वरून जवळजवळ जसाच्या तसा उचललेला आहे. इंग्लंडच्याच जॉन मेयॉलने 'ओ प्रिटी वुमन' तरुण गिटारवादक मिक टेलरला घेऊन केलं. फ्री या बँडने याच अल्बममधलं 'द हंटर' केलं आणि लेड झेपेलिनने आपल्या पहिल्या अल्बमवरच्या लांबलचक गाण्यात त्याचा तुकडा घातला.

मग कार्यक्रम भरवणाऱ्या बिल ग्रॅहमने अल्बर्टला सॅन फ्रान्सिस्कोच्या आपल्या फिलमोर या सभागृहात बोलावलं. १९६८च्या फेब्रुवारीत त्याच मंचावर जिमी हेंड्रिक्सही होता. लांब केसांच्या हिप्पी पोरांपुढे सूट घातलेला, पाइप ओढणारा हा धिप्पाड माणूस उभा राहिला आणि त्याला अचानक नवा श्रोता मिळाला. जूनमध्ये तिथेच 'लाइव्ह वायर / ब्लूज पॉवर' रेकॉर्ड झाला. त्याचा निर्माता अल जॅक्सन.

स्टीव्ही रे व्हॉनचा गुरू हाच का?

गुरू म्हणा, मूर्ती समोर ठेवून शिकलेला एकलव्य म्हणा. १९८३ साली डेव्हिड बोवीच्या 'लेट्स डान्स'वर टेक्ससच्या या गिटारवादकाने, स्टीव्ही रेने, जे वाजवलं त्यात अल्बर्टचे तुकडे ठळक आहेत, आणि ते तो स्वतः कबूल करायचा. त्याच वर्षी डिसेंबरात कॅनडातल्या हॅमिल्टनच्या टीव्ही स्टुडिओत दोघं एकत्र वाजवायला बसले. ते रेकॉर्डिंग १९९९ साली 'इन सेशन' नावाने निघालं. त्यात गाण्यांच्या मधल्या गप्पाही आहेत. शिष्य हात राखून, अदबीने वाजवतो. म्हातारा मात्र काही सोडत नाही.

गिटार शिकतोय. यातलं काय उचलावं?

गिटार उलटी धरू नका, त्याने काही होत नाही. दोन गोष्टी करा. गाण्यातली ओळ स्वतः गुणगुणा आणि ती संपेपर्यंत गिटारला हात लावू नका. आणि तार ओढताना आधी ठरवा की कुठे पोचायचंय. मग तिथे सावकाश न जाता एका झटक्यात जा. वेगाने वाजवायची हौस असेल तर हा अल्बम तुमच्या उपयोगाचा नाही.

कोणती आवृत्ती घ्यावी?

ऐकायला कुठलीही चालेल, स्ट्रीमिंगवर सहज मिळते. २०१३च्या आवृत्तीत काही गाण्यांचे दुसरे टेक, म्हणजे त्याच गाण्याची वेगळी रेकॉर्डिंग, आहेत. अभ्यास करणाऱ्यांनी ती बघावी. तोच सोलो तो दोनदा सारखा वाजवत नाही, हे त्यात दिसतं.

महाराष्ट्रात असं काही प्रत्यक्ष ऐकायला मिळतं का?

मुंबईत वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत २०११ साली महिंद्रा ब्लूज फेस्टिव्हल सुरू झाला आणि पहिल्याच वर्षी शिकागोचा ब्लूज गिटारवादक बडी गाय येऊन गेला. अल्बर्ट तोवर या जगात नव्हता. २१ डिसेंबर १९९२ रोजी मेम्फिसमध्ये हृदयविकाराने तो गेला. लॉस एंजेलिसचा शेवटचा कार्यक्रम झाला त्याला दोनच दिवस झाले होते.

अमेरिकेत राहतो. मेम्फिसला गेलो तर स्टॅक्स बघता येईल?

मूळ इमारत १९८९ साली पाडली. कंपनी त्याआधीच, १९७५च्या अखेरीस, कर्जात बुडून बंद पडली होती. त्याच जागेवर २००३ साली संग्रहालय उभं राहिलं. स्टुडिओची उतरती जमीनही पुन्हा बांधली आहे, आणि आयझॅक हेजची सोन्याचा मुलामा दिलेल्या सजावटीची कॅडिलॅक तिथे उभी आहे. लहान मुलं बरोबर असतील तर ती गाडीपासून हलणार नाहीत, तेवढा वेळ हाताशी ठेवा.

हा आवडला. पुढे काय ऐकू?

'आय'ल प्ले द ब्लूज फॉर यू', १९७२. तोही स्टॅक्सचाच. तोवर सोल बदललं होतं, गाणी लांबली होती, साथीला बार-केज हा बँड आणि हेजच्या बँडमधली माणसं होती. ब्लूज आणि सोल यांत तिथे शिवणही दिसत नाही. तरी दोन्हींपैकी एकच निवडायचा असेल तर मी १९६७चाच निवडेन. तिथे शिवण दिसते, आणि तिच्या दोन्ही बाजूंना काय आहे तेही.